घसा बरा झाला, मग लघवी लाल का? स्ट्रेप संसर्गानंतरच्या मूत्रपिंडदाहाचे रिपोर्ट तारखेनिशी कसे वाचावेत

या आजाराची फाइल समोर आली की मी आधी आकडे बघत नाही, तारखा बघते. घसा कधी दुखला, अंगावरच्या पुळ्या कधी चिघळल्या, लघवी लाल कधी झाली आणि रक्त कधी काढलं. या चार तारखा एका कोऱ्या कागदावर ओळीनं मांडल्या की निम्मं निदान तिथंच होतं. तारखा नसल्या की तेच रिपोर्ट चांगल्या चांगल्यांना चकवतात.

आजाराचं पूर्ण नाव पोस्ट-स्ट्रेप्टोकोकल ग्लोमेरुलोनेफ्रायटिस. स्ट्रेप्टोकोकस पायोजिनीस हा जिवाणू घशात किंवा कातडीवर संसर्ग करतो. शरीर त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं (अँटिबॉडी) तयार करतं. जिवाणूची काही प्रथिनं आणि ही प्रतिपिंडं मूत्रपिंडातल्या बारीक गाळण्यांमध्ये, म्हणजे ग्लोमेरुलसमध्ये, जाऊन बसतात. तिथं कॉम्प्लिमेंट नावाची रक्तातली प्रथिनांची साखळी कामाला लागते आणि गाळणी सुजते. जिवाणू स्वतः मूत्रपिंडात शिरत नाही. ही एक गोष्ट पक्की लक्षात राहिली, तर पुढचे बरेच रिपोर्ट आपोआप समजतील.

साधारण ५ ते १२ वर्षांच्या मुलांमध्ये हा आजार जास्त दिसतो, मुलींपेक्षा मुलांमध्ये अधिक. तीन वर्षांच्या आत तो विरळाच. बहुतेक मुलं पूर्ण बरी होतात. मी तालुक्याच्या गावी पॅथॉलॉजी लॅब चालवते, आणि हे लिहिते आहे ते रिपोर्टची चळत हातात घेऊन बसलेल्या आईवडिलांसाठी, तसंच माझ्यासारख्या छोट्या लॅबमध्ये मायक्रोस्कोपवर बसणाऱ्या तंत्रज्ञांसाठी.

आधी हे: रिपोर्टची वाट न बघण्याची वेळ

लघवी लाल किंवा काळपट झाली, सकाळी उठल्यावर डोळ्यांभोवती सूज दिसली, तर त्याच दिवशी मुलाचा बीपी मोजून घ्या. मुलांच्या हाताच्या मापाची पट्टी हवी, मोठ्यांची नको. सात वर्षांच्या मुलाचा १३०/९० हा बीपी ऐकायला किरकोळ वाटतो, पण त्या वयाला तो बराच जास्त आहे. खूप डोकं दुखणं, उलट्या, डोळ्यांपुढे अंधारी, झटका, धाप लागणं, आडवं झोपता न येणं, दिवसभरात लघवीच न होणं, यांतलं काहीही असेल तर लॅबमध्ये थांबू नका, थेट मुलांच्या रुग्णालयात जा. रक्त तिथंही काढता येतं.

आणखी एक. लघवी कमी आणि लाल झाली की घरात पहिला उपाय होतो तो शहाळ्याचा, आणि पाठोपाठ “भरपूर पाणी पाज” हा सल्ला. उन्हाळी लागली असेल तर ठीक. या आजारात मात्र शरीरात आधीच पाणी आणि मीठ साठलेलं असतं, आणि शहाळ्यात पोटॅशियम भरपूर असतं. डॉक्टरांनी पाण्याचं आणि मिठाचं प्रमाण ठरवून देईपर्यंत शहाळं आणि फळांचे रस थांबवा.

पायरी १: तारखांचा कागद

घसा दुखल्यानंतर साधारण १ ते ३ आठवड्यांनी, सरासरी दहाएक दिवसांनी लघवी बिघडते. कातडीच्या संसर्गानंतर हा अवधी मोठा असतो, ३ ते ६ आठवडे. घशाचं दुखणं सगळ्यांच्या लक्षात असतं, कारण ताप येतो, शाळा बुडते. पुळ्यांचं कुणाच्या लक्षात राहत नाही.

एका ऑगस्टमध्ये सात वर्षांच्या नातवाला घेऊन एक आजी आल्या होत्या. घसा दुखला होता का, या प्रश्नावर त्यांनी ठाम नाही म्हटलं. मी पोराच्या पोटऱ्या बघितल्या. खपल्या पडून गेलेले, अजून गुलाबी असलेले डाग दिसले. “आजी, हे कधीचं?” “ते व्हय? ते पावसाच्या सुरुवातीचं. खरूज झाली होती, खाजवून खाजवून चिघळली. पण ते कवाच बरं झालं की ताई, महिना होऊन गेला.” महिना होऊन गेला हीच तर माहिती हवी होती. पुळ्या जुलैच्या पहिल्या आठवड्यातल्या आणि लाल लघवी ९ ऑगस्टची, म्हणजे पाच आठवडे. बरोबर बसलं.

म्हणून विचारताना गेल्या आठ आठवड्यांचं विचारायचं. खरूज, डास चावून चिघळलेलं, ओठांभोवतीच्या मधाच्या रंगाच्या खपल्या, कान वाहणं, सगळं. घरातल्या दुसऱ्या कुणाला तसं झालं होतं का, तेही. भावंडांची लघवी तपासली तर कधी कधी त्यांच्यातही रक्तपेशी सापडतात, पोर मात्र हुंदडत असतं. कच्च्या दुधाचं विचारणं सहसा राहून जातं. ब्राझीलमधल्या नोव्हा सेराना गावात १९९७-९८ मध्ये शंभराहून जास्त लोकांना हाच आजार झाला आणि मूळ निघालं न तापवलेल्या दुधाच्या चीजमध्ये. तिथला जिवाणू स्ट्रेप्टोकोकसच होता, पण नेहमीच्या ए गटातला नसून सी गटातला.

उलट, घसा दुखायला लागल्यावर एक-दोन दिवसांतच लघवी लाल झाली असेल, तर हा आजार असण्याची शक्यता कमी. तिथं आयजीए नेफ्रोपथीचा, म्हणजे आयजीए नावाची प्रतिपिंडं गाळण्यांत साठून होणाऱ्या वेगळ्या आजाराचा, विचार आधी करावा लागतो. इथंच तारीख आकड्यापेक्षा जास्त सांगून जाते.

पायरी २: लघवी, ताजी आणि मायक्रोस्कोपखाली

सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत जास्त सांगणारी तपासणी हीच, आणि सगळ्यांत जास्त हेळसांडही हिचीच होते.

रंगाचं वर्णन लोक आपापल्या परीनं करतात. काळ्या चहासारखी, कोलासारखी, मटण धुतलेल्या पाण्यासारखी. या तिन्ही उपमा अचूक आहेत. गाळणीतून आलेलं रक्त आम्लधर्मी लघवीत मुरलं की तपकिरी होतं. लालभडक लघवी, त्यात गुठळ्या आणि सोबत वेदना असतील तर कारण बहुधा खाली, मूत्रमार्गात किंवा मूत्राशयात असतं. डोळ्यांना दिसेल इतकं रक्त साधारण तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत मुलांमध्येच असतं. बाकीच्यांची लघवी पिवळीच दिसते आणि रक्त फक्त मायक्रोस्कोपला सापडतं.

नमुना कसा आणायचा? सकाळची पहिली लघवी, मधली धार, लॅबमधून घेतलेल्या कोरड्या बाटलीत, आणि शक्यतो तासाभरात लॅबच्या टेबलावर. औषधाची धुतलेली बाटली नको. रात्री बाटलीत धरून सकाळच्या एसटीनं पाठवलेला नमुना या आजारासाठी जवळजवळ निरुपयोगी. ठेवलेल्या लघवीत कास्ट (मूत्रपिंडाच्या नलिकेत घडलेल्या सूक्ष्म नळकांड्या) विरघळतात, तांबड्या पेशी फुटतात.

लॅबमध्ये नमुना सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवल्यावर एक सोपी गोष्ट बघायची. गाळ लाल आणि वरचं पाणी स्वच्छ, म्हणजे खरंच रक्तपेशी आहेत. वरचं पाणीही लाल आणि लघवीत बुडवायच्या तपासणी-पट्टीवर रक्त पॉझिटिव्ह, म्हणजे फुटलेल्या पेशींतलं हिमोग्लोबिन किंवा स्नायूंतलं मायोग्लोबिन. पाणी लाल पण पट्टी निगेटिव्ह, तर रात्री बीटची कोशिंबीर होती का ते विचारा, किंवा रिफॅम्पिसिनसारखं औषध चालू आहे का ते. नुसत्या पट्टीवर “ब्लड ३ प्लस” लिहून रिपोर्ट देऊ नये, कारण पट्टीला पेशी आणि हिमोग्लोबिन यांतला फरक कळत नाही.

आता मायक्रोस्कोप. दहा मिलिलिटर लघवी पाच मिनिटं फिरवायची, वरचं पाणी ओतून अर्धा मिलिलिटर ठेवायचं, गाळ हलक्या हातानं ढवळून थेंब काचेवर घ्यायचा. कंडेन्सर खाली, उजेड कमी. आधी दहाच्या लेन्सनं कव्हरस्लिपच्या कडा फिरून बघायच्या, कारण कास्ट कडेला जमतात. घाईघाईत चाळीसची लेन्स लावून मधली दोन-तीन क्षेत्रं बघितली की कास्ट हुकतात.

तांबड्या पेशींचा कास्ट एकदा बघितला की विसरत नाही. मूत्रपिंडातल्या नलिकेच्या साच्यात घडलेली, दोन्ही कडा समांतर असलेली नळकांडी, आत पिवळट-नारिंगी गोल पेशी खचाखच भरलेल्या. कधी पेशी स्पष्ट दिसतात, कधी त्या मोडून नळकांडी नुसतीच विटकरी, रवाळ दिसते. पेशींचा नुसता पुंजका आणि कास्ट यांत फरक हाच की कास्टला कड असते, पुंजक्याला नसते. असा एक जरी कास्ट सापडला, तरी रक्त गाळणीतूनच आलंय हे जवळपास निश्चित होतं. सोनोग्राफी, सीटी यांना जमत नाही ते हा एक कास्ट सांगतो.

तांबड्या पेशींचा आकारही बघा. सुजलेल्या गाळणीतून पिळवटून आलेल्या पेशी वेड्यावाकड्या होतात. काहींच्या वर्तुळाला बाहेरून बुडबुड्यासारखे फुगवटे येतात, त्यांना अ‍ॅकँथोसाइट म्हणतात. मूत्राशयातून किंवा खड्यामुळे आलेल्या पेशी एकसारख्या, गोल असतात. रिपोर्टवर “आरबीसी प्लेंटी” इतकंच लिहिण्याऐवजी “डिसमॉर्फिक” हा एक शब्द जोडला, तर डॉक्टरांचा अर्धा दिवस वाचतो.

पांढऱ्या पेशीही या आजारात लघवीत असतात, कारण सूज आहे. इथं मोठी चूक होते, आणि ती मी स्वतःच्या हातून होताना बघितली आहे. सुरुवातीच्या वर्षांत एका मुलीच्या रिपोर्टवर मी “पस सेल्स १५-२०, आरबीसी ३०-४०” एवढंच लिहून दिलं. नमुना चार तासांचा जुना होता, कास्ट शोधले नव्हते. “लघवीत इन्फेक्शन” असा अर्थ लागला, आठवडाभर अँटिबायोटिक चाललं, कल्चर स्वच्छ आलं, आणि आठव्या दिवशी ती मुलगी वाढलेल्या बीपीमुळे झटका येऊन दवाखान्यात दाखल झाली. ती बरी झाली. पण त्या दिवसापासून लाल लघवीच्या प्रत्येक नमुन्याला मी विचारते, किती वाजताचा आहे? आणि कास्ट “दिसले नाहीत” हे वाक्य मी शोधल्याशिवाय लिहीत नाही. जळजळ नाही, थंडी वाजून ताप नाही, कल्चरमध्ये काही वाढलेलं नाही, तरीही पस सेल्स आहेत, तर ते इन्फेक्शन समजू नका. जिवाणू मूत्रपिंडात शिरलेलाच नाही, हे आपण वर बघितलं.

प्रथिनं सहसा १ ते २ प्लस. नेमकं मोजायला चोवीस तासांची लघवी साठवत बसायची गरज नाही. एका नमुन्यातलं प्रथिन आणि क्रिएटिनिन (स्नायूंतला टाकाऊ पदार्थ, जो मूत्रपिंड बाहेर टाकतं) यांचं गुणोत्तर पुरतं. ते ०.२ च्या आत असणं नॉर्मल, २ च्या वर गेलं तर नेफ्रोटिक पातळी, म्हणजे प्रथिनं फारच वाहून जाताहेत. या आजारात बहुतेक मुलं या दोन आकड्यांच्या मधेच राहतात. गुणोत्तर २ च्या वर जाऊन तिथंच अडून बसलं, तर ते नेफ्रॉलॉजिस्टना दाखवण्याचं कारण आहे.

पायरी ३: क्रिएटिनिन, आणि छापील मर्यादेचा सापळा

बहुतेक रिपोर्टवर क्रिएटिनिनसमोर ०.६ ते १.२ अशी मर्यादा छापलेली असते. ती प्रौढांची आहे. सात वर्षांच्या मुलाचं क्रिएटिनिन साधारण ०.३ ते ०.६ असतं. आजींच्या त्या नातवाचं आलं १.०. यंत्रानं त्यापुढे ना बाण छापला, ना आकडा ठळक केला. कागद सांगत होता, नॉर्मल.

आता हिशोब करू. गाळण्या किती वेगानं काम करतात हे काढायला मुलांसाठी २००९ साली सुधारलेलं श्वार्ट्झ सूत्र आहे: ०.४१३ गुणिले सेंटिमीटरमधली उंची, भागिले क्रिएटिनिन. पोराची उंची ११८ सेंटिमीटर. ०.४१३ × ११८ = ४८.७, भागिले १.०, उत्तर ४८.७. निरोगी मुलात हा आकडा नव्वदच्या वर, शंभराच्या आसपास असायला हवा. म्हणजे “नॉर्मल” छापलेल्या रिपोर्टमध्ये गाळण्यांचं काम निम्म्यावर आलेलं होतं.

हे सूत्र क्रिएटिनिन स्थिर असताना नीट चालतं. आकडा रोज बदलत असेल तर उत्तर अंदाजापुरतंच धरा. आणि क्रिएटिनिन एन्झायमॅटिक पद्धतीनं मोजलेलं असेल तर जास्त भरवशाचं, कारण जुन्या जाफे पद्धतीत मुलांचा आकडा थोडा वाढीव येतो. कुठल्या पद्धतीनं केलं, हे लॅबला बेधडक विचारा. आणि रक्त देताना मुलाची उंची मोजून फॉर्मवर लिहा. एवढी साधी गोष्ट मी फार थोड्या फॉर्मवर बघते.

आकडा एकदा बघून भागत नाही. पहिल्या आठवड्यात डॉक्टर सांगतील तसं, गरज पडली तर रोजही, तो पुन्हा करावा लागतो. ०.८, मग १.४, मग २.३ असा दोन-चार दिवसांत चढत गेला तर वाट बघायची नाही. तो वेगानं बिघडणारा नेफ्रायटिस असू शकतो.

सोबत पोटॅशियम, सोडियम आणि बायकार्बोनेट. पोटॅशियम जास्त आलं तर घाबरण्याआधी नमुना हिमोलाइज्ड आहे का ते बघा. रडणाऱ्या मुलाच्या हातातून दाबून दाबून काढलेल्या रक्तात पेशी फुटतात आणि पोटॅशियम खोटंच वाढतं. पण “हिमोलिसिस असेल” म्हणून सोडूनही द्यायचं नाही. लगेच दुसरं रक्त आणि ईसीजी. सोडियम थोडं कमी दिसलं तर ते मीठ कमी पडल्यामुळे नसतं, साठलेल्या पाण्यानं ते पातळ झालेलं असतं. हिमोग्लोबिन आणि अल्ब्युमिन किंचित उतरतात तेही बरंचसं याच कारणानं. तेव्हा लोहाचं टॉनिक सुरू करायची घाई नको. अल्ब्युमिन खूपच खाली आणि कोलेस्टेरॉल चढलेलं असेल तर चित्र नेफ्रोटिक सिंड्रोमकडे झुकतं. प्लेटलेट कमी असतील तर मात्र हा आजार सोडून दुसरीकडे बघावं लागतं, हिमोलिटिक युरेमिक सिंड्रोम (तांबड्या पेशी फुटून मूत्रपिंड बिघडवणारा आजार) किंवा ल्युपसकडे (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते तो आजार).

पायरी ४: सी३, या फाइलचा कणा

कॉम्प्लिमेंटची साखळी पेटली की तिच्यातलं सी३ हे प्रथिन खर्ची पडतं. पहिल्या दोन आठवड्यांत सुमारे ९० टक्के रुग्णांमध्ये सी३ कमी सापडतं. बऱ्याच लॅबमध्ये त्याची नॉर्मल मर्यादा डेसिलिटरला ९० ते १८० मिलिग्रॅमच्या आसपास असते. आपल्या रिपोर्टवर छापलेली मर्यादा धरा. त्या नातवाचं आलं ३८.

सोबत सी४ नक्की करून घ्या. या आजारात सी३ पडतं, पण सी४ सहसा नॉर्मल किंवा जरासंच कमी असतं. दोन्ही खाली असतील तर ल्युपसचा विचार येतो, मग एएनए आणि डीएस-डीएनए या त्याच्या रक्ततपासण्या. हृदयाच्या झडपेचा संसर्ग असला तरीही दोन्ही उतरू शकतात. आणि सी३ अगदी नॉर्मल, वर घसा आणि लघवी एकाच वेळी बिघडलेली, तर पुन्हा आयजीए नेफ्रोपथी.

या तपासणीला पैसे लागतात आणि लहान गावातून नमुना बाहेर पाठवावा लागतो, म्हणून ती टाळली जाते. दोनच गोष्टींवर पैसे खर्च करायचे असतील, तर ताज्या लघवीनंतर मी सी३वर करायला सांगेन. सीरम लवकर वेगळं करून बर्फात पाठवायचं. आणि पहिल्या आठवड्यातच पाठवायचं, कारण हा आकडा मागाहून आपोआप वर येतो. सहा आठवड्यांनी पहिल्यांदा केलेलं सी३ नॉर्मल आलं तर तो पुरावा निसटलेला असतो.

या आकड्याचा खरा उपयोग दुसऱ्या वेळी होतो. ६ ते ८ आठवड्यांत सी३ नॉर्मलला यायला हवं. आलं, तर निदान पक्कं. तीन महिने झाले तरी खालीच असेल, तर हा आजार तो नव्हेच, असं समजून पुढं जावं लागतं. सी३ ग्लोमेरुलोपथी, मेम्ब्रेनोप्रोलिफरेटिव्ह नेफ्रायटिस यांसारखे दीर्घकाळचे आजार सुरुवातीला हुबेहूब असेच दिसतात. त्यांना ओळखायची जागा म्हणजे ही आठव्या आठवड्याची रक्ताची बाटली. पोर बरं झालेलं असतं, लघवी पिवळी असते, शाळा सुरू असते, आणि नेमकी हीच बाटली राहून जाते.

पायरी ५: एएसओ, ज्याला गरजेपेक्षा जास्त मान मिळतो

एएसओ म्हणजे जिवाणूच्या स्ट्रेप्टोलायसिन-ओ या विषाविरुद्धची प्रतिपिंडं. ही तपासणी एडगर टॉड यांनी १९३२ साली मांडली. संसर्गानंतर आठवडाभरानं एएसओ वाढायला लागतं, ३ ते ५ आठवड्यांत शिखरावर जातं आणि मग महिनोनमहिने हळूहळू उतरतं.

म्हणजे ते काय सांगतं? मागं कधीतरी स्ट्रेप येऊन गेला, इतकंच. मूत्रपिंडाला काही झालं की नाही, हे ते सांगत नाही. आकडा ४०० असो की १२००, मूत्रपिंडाची इजा त्याप्रमाणे कमी-जास्त होत नाही. शाळेत जाणाऱ्या निरोगी मुलांमध्येही २०० च्या थोडं वर एएसओ नेहमी दिसतं. एकच वाढलेला आकडा कमकुवत पुरावा, दोन आठवड्यांच्या अंतरानं चढत गेलेले दोन आकडे बळकट पुरावा.

दुसऱ्या बाजूनंही फसगत होते. कातडीच्या संसर्गात एएसओ बहुधा वाढतच नाही, कारण कातडीतली स्निग्ध द्रव्यं ते विष बांधून ठेवतात. आजींच्या नातवाचं एएसओ २०० च्या आत होतं. तेवढ्यावर “स्ट्रेप नाही” म्हटलं असतं तर फाइल भलत्याच वाटेला गेली असती. पुळ्या, खरूज, इसब यांनंतर अँटी-डीएनेज बी (स्ट्रेपच्याच दुसऱ्या एका प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडं) ही तपासणी करायची. ती वाढायला थोडा जास्त वेळ लागतो आणि ६ ते ८ आठवड्यांत शिखर गाठते. तिची सोय बहुतेक मोठ्या साखळी लॅबमध्ये असते. घसा दुखताना लगेच पेनिसिलिन मिळालं असेल, तर एएसओ दबलेलं राहू शकतं, हेही ध्यानात असू द्या.

घशाच्या कल्चरवर फार विसंबू नका. मूत्रपिंडाचा त्रास सुरू होतो तोवर जिवाणू बहुधा निघून गेलेला असतो, साधारण चारातल्या एकाच मुलात तो सापडतो.

मनापासून सांगायची गोष्ट ही, की निव्वळ एएसओचा आकडा खाली आणण्यासाठी महिन्या-महिन्याला पेनिसिलिनची इंजेक्शनं घेणारी मुलं मी बघते. ती इंजेक्शनं संधिवाताच्या तापासाठी, र्‍हुमॅटिक फीव्हरसाठी असतात आणि तिथं ती मोलाची आहेत. मूत्रपिंडाचा हा आजार सहसा पुन्हा होत नाही, त्यासाठी अशी इंजेक्शनं लागत नाहीत. जिवाणू अजून उरला असेल तर अँटिबायोटिकचा एक कोर्स दिला जातो, तो मुलाच्या गाळण्या लवकर बऱ्या व्हाव्यात म्हणून नव्हे, तर संसर्ग घरात आणखी पसरू नये म्हणून. एएसओचा आकडा पुन्हा पुन्हा करून बघण्यातून काहीच हाती लागत नाही.

पायरी ६: सोनोग्राफी आणि बायोप्सी

सोनोग्राफीत मूत्रपिंडं नॉर्मल किंवा किंचित मोठी आणि जरा जास्त पांढुरकी दिसतात. तिचा उपयोग मुख्यतः दुसरं काही नाही ना, हे बघायला. मूत्रपिंडं लहान, आक्रसलेली दिसली तर दुखणं जुनं आहे.

बायोप्सी बहुतेक मुलांना लागत नाही. क्रिएटिनिन वेगानं चढणं, प्रथिनं नेफ्रोटिक पातळीवर टिकून राहणं, सी३ तीन महिन्यांनीही खाली असणं, किंवा सुरुवातीपासून तारखाच न जुळणं, यांपैकी काही असेल तर डॉक्टर ती सुचवतात. रिपोर्टमध्ये गाळण्यांत पेशींची दाटी आणि न्यूट्रोफिल, चमकत्या रंगाच्या तपासणीत आयजीजी (एका प्रकारचं प्रतिपिंड) आणि सी३चे ठिपके (“स्टारी स्काय”, चांदण्यांनी भरलेलं आभाळ), आणि इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली गाळणीच्या पडद्याबाहेर उंटाच्या वशिंडासारखे “हम्प” असं लिहून येतं. वाचायला भयंकर, पण हे नेहमीचंच चित्र आहे. “क्रेसेंट” (गाळणीत चंद्रकोरीच्या आकारात साचलेल्या पेशी) हा शब्द आणि त्याची टक्केवारी मात्र जरूर विचारा. निम्म्याहून जास्त गाळण्यांमध्ये क्रेसेंट असतील तर उपचार तातडीचे होतात.

मोठ्या माणसांचं वेगळं

घरातल्या मधुमेही आजोबांच्या पायाला जखम आहे आणि लघवीत रक्त-प्रथिनं आली, तर वरचं वेळापत्रक लावू नका. तिथं जिवाणू बहुधा स्टॅफिलोकोकस असतो, मधला मोकळा अवधी नसतो, जखम चिघळलेली असतानाच मूत्रपिंड बिघडतं. सी३ नॉर्मलही असू शकतं, एएसओचा काही उपयोग नाही. जखमेचं आणि रक्ताचं कल्चर महत्त्वाचं. पूर्ण बरं होण्याचं प्रमाणही मुलांइतकं नाही, म्हणून नेफ्रॉलॉजिस्टकडे लवकर जा.

पायरी ७: पुढच्या तारखा आत्ताच लिहा

डोळ्यांना दिसणारं रक्त बहुधा १ ते ३ आठवड्यांत थांबतं. लघवी वाढली, सूज उतरली, वजन कमी झालं, की सुधारणा सुरू. रोज सकाळी एकाच काट्यावर वजन करून लिहून ठेवा. या दिवसांत त्याच्याइतकी चांगली घरगुती तपासणी नाही. क्रिएटिनिन साधारण ३ ते ४ आठवड्यांत मूळ पदावर येतं. सी३ ६ ते ८ आठवड्यांत. प्रथिनं हळूहळू, काही महिने घेत. मायक्रोस्कोपला दिसणाऱ्या तांबड्या पेशी सगळ्यांत हट्टी, वर्षभर, कधी त्याहून थोड्या जास्त काळही राहतात. बाकी सगळं नॉर्मल असेल तर “आरबीसी ६-८” बघून पुन्हा पथ्याला बसवू नका आणि मुलाला खेळापासून तोडू नका. मधेच सर्दी-तापात ते रक्त थोडं वाढलेलं दिसू शकतं. मात्र लघवी पुन्हा पुन्हा लाल होत असेल, तर निदान नव्यानं तपासा.

फाइलच्या पहिल्या पानावर आजार सुरू झाल्याची तारीख लिहा आणि तिच्याखाली आठ आठवडे, तीन महिने, सहा महिने आणि एक वर्ष या तारखा मांडा. आठव्या आठवड्याला लघवी, बीपी, क्रिएटिनिन आणि सी३. त्यापुढे लघवी, प्रथिन-क्रिएटिनिन गुणोत्तर आणि बीपी. सगळे रिपोर्ट शक्यतो एकाच लॅबचे, म्हणजे आकडे एकमेकांशी ताडता येतात.

आजींचा नातू ६ ऑक्टोबरला आईबरोबर आला. बाटली सकाळी सातची, पोहोचली सात चाळीसला. रंग गव्हाच्या काडीसारखा. गाळात तांबड्या पेशी ८-१०, कव्हरस्लिपच्या चारही कडा फिरून बघितल्या, कास्ट नाहीत. क्रिएटिनिन ०.४. सी३ दोन दिवसांनी आलं, ११२. पुढचा नमुना नोव्हेंबरमध्ये, त्यानंतरचा फेब्रुवारीत. दोन्ही तारखा त्याच्या आईनं माझ्यासमोर फाइलवर लाल पेननं लिहून घेतल्या.